जुळलेला

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा. रात्रीचे साडेअकरा,
पत्र्याच्या शेडमध्ये अजून एकोणचाळीस अंश,
आणि कापडाखाली तेवीस गाड्या
नोव्हेंबरातल्या लिलावाची वाट बघत.
माझं काम एवढंच: प्रत्येकीपुढे दोन आकडे,
कमीत कमी, जास्तीत जास्त.
मधली जागा देवाची, फिलिपोस म्हणतो.
मला पगार त्याच जागेचा मिळतो.

खिशात लोहचुंबक, रुमालात गुंडाळलेलं,
रंगाला चरा जाऊ नये म्हणून.
पत्र्यावरून फिरवत जातो.
धरलं तर लोखंड. सुटलं तर पुट्टी.

रुमालाखालून भाव काढायला
मी इथं शिकलो नाही.
आमचे आप्पा खरसुंडीच्या बाजारात हेडी.
पंचाखाली दोन हात, वर दोन कोरे चेहरे,
चार बोटं धरली की चारशे, मूठ दाबली की हजार,
आणि शेजारी खिलार रवंथ करत उभा,
जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.
त्याआधी आप्पा जबडा उघडायचे.
दोन दाती. चार दाती. सहा दाती.
आठ आले की म्हणायचे, जुळला.

इथंही तोच शब्द निघाला.
चासीवरचा नंबर, इंजिनावरचा, गिअरबॉक्सवरचा,
तिन्ही एकाच जन्माचे असले
तर गाडी जुळलेली, आणि आकडा दुप्पट.
चौदा नंबरची शेवेल, सत्तर सालची, जुळलेली आहे.
आप्पांना फोनवर सांगितलं.
"दात किती?"
"आठ सिलिंडर."
"मग बघतोस काय, बांध दावणीला."

असं नसतं, आप्पा.
गेल्या साली हिरव्या मस्टँगला मी लिहिले दोन लाख दहा.
गेली तीन लाख पंचाऐंशीला,
कारण दुसऱ्या आणि सहाव्या रांगेत
एकमेकांशी न बोलणारे दोन साडू बसले होते.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
तेलाचा भाव भरतो, डॉलर भरतो,
रियाधहून किती जण येणार ते भरतो.
वयसुद्धा. ज्यांनी सोळाव्या वर्षी
हिच्यामागं उडालेली वाळू खाल्ली
ते आता सत्तरीत, इतक्या खालच्या सीटवरून
उठवायला ड्रायव्हर लागतो.
नातवांना जपानी गाड्या हव्यात.
पत्रा गंजायच्या आधी ओढच म्हातारी होते.
त्यासाठी मी दरवर्षी चार टक्के कापतो,
ओढीचा घसारा.
फिलिपोस हसला नाही.

सतरा नंबरची बॅराकुडा. मागचं डावं मडगार्ड.
चुंबक सुटलं. रुमालासकट, सिमेंटवर.
पलीकडे झुबेर पारकर चहा ओतत होता, खेडचा,
एकतीस वर्षं डेंटिंग. मडगार्ड त्याच्याच हातचं.
आवाज दोघांनाही गेला.
चाळीस हजार दिरहमचा आवाज, म्हटलं तर.
"लिही," म्हणाला. "पुट्टी आहे, लिही.
पण हेही लिही की चुंबक नसतं
तर तुझ्या बापालाही कळली नसती."
पहिलं वाक्य लिहिलं.
दुसऱ्याला रकाना नव्हता.
चहा घेतला. साखर जास्त होती.

राहिली चौदा.
मालक परवा येऊन गेले, उबेद, काठी टेकत.
कापड काढा म्हणाले नाहीत.
वरूनच बोनेटवर हात ठेवला, बराच वेळ.
बोटं हलत होती,
शेकडा की हजार, मला वाचता आलं नाही.
भाव लागत नसला, आप्पा सांगायचे,
तर जनावराकडं बघू नको, धन्याच्या पायाकडं बघ.
घराकडं तोंड असलं तर सौदा झाला समज.
त्यांच्या चपला गाडीकडे होत्या.

कमीत कमी: तीन लाख वीस. पेन्सिलनं.
जास्तीत जास्तच्या रकान्यावर
मघापासून चुंबक ठेवलंय,
पंख्यानं कागद उडतो म्हणून.